रबराचा वड

पान पडलं ते बरोबर तात्यांच्या टकलावर. वीतभर लांब, जाडजूड, चपलेच्या तळव्यासारखं. सकाळचे साडेआठ वाजले होते. तात्या इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर बाकड्यावर चहाचा ग्लास घेऊन बसले होते.

"घ्या," तात्या म्हणाले, "वटपौर्णिमा उद्या आणि वडाचा आशीर्वाद आजच. बायकांच्या आधी मलाच गाठलं बेट्यानं."

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला नर्सरीवाला बसला होता. आठ महिन्यांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी रोपांचं दुकान टाकलेला, डोळ्यांवर चष्मा, नखांत माती. त्यानं पान उचललं, उलटं केलं, देठ मोडून चीक बघितला आणि सरळ माणसं जी चूक करतात ती केली. खरं बोलला.

"तात्या, हा वड नाही. रबराचं झाड आहे."

इस्त्रीवाल्याची इस्त्री शर्टाच्या एका बाहीवर थांबली.

"काय म्हणालास?"

"रबर. ह्याची पिल्लं माझ्याकडे कुंड्यांत आहेत. लोक सोफ्याशेजारी ठेवतात आणि रविवारी ओल्या फडक्यानं पुसतात."

"अरे पारंब्या बघ की त्याच्या!"

"रबरालाही येतात."

"चीक?"

"तोही येतो. एकाच कुळातले आहेत हो. चुलतभाऊ समजा."

"मग चुलतभाऊ म्हणजे घरचाच झाला की!" तात्या हसले, इस्त्रीवाला हसला, आणि हे प्रकरण इथेच चहाबरोबर संपायचं. पण तेवढ्यात शर्टाला जळका वास सुटला, इस्त्रीवाला ओरडला, तात्यांनी वळून बघितलं, तर मागे भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी, माई, उभ्या. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे.

"काय झालं झाडाला?" माईंनी विचारलं.

तात्यांची जीभ अशा वेळी मालकाला विचारत नाही. "हा म्हणतो हा वड नाही! ह्याची लागली पैज माझ्याशी. वडच आहे!"

"पैज कसली?" नर्सरीवाला गडबडला. "मी आपलं माहिती म्हणून..."

"आता माघार नाही. जो हरेल त्यानं उद्या सगळ्या बायकांसमोर झाडाला सूत गुंडाळत सात फेऱ्या मारायच्या. आणि दर फेरीला मोठ्यानं म्हणायचं, जन्मोजन्मी हीच बायको मिळो."

"आणि ठरवणार कोण?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. जळका शर्ट त्यानं बुडाखाली घेतला होता, कारण तो तात्यांच्याच थोरल्या मुलाचा होता.

"हाच ठरवणार. झाडांतलं ह्याच्याशिवाय कळतं कोणाला इथे? उद्या सगळ्यांसमोर पान तोडायचं आणि सांगायचं."

"ज्याच्याशी पैज लावली तोच पंच? तात्या, तुम्ही ठार हरणार!"

"बघू," तात्या म्हणाले आणि चहाचा शेवटचा घोट चुळीसारखा तोंडात फिरवत राहिले. माईंनी पिशवीतली मेथी आत ढकलली आणि घराकडे निघाल्या. नेहमीपेक्षा जरा भरभर चालत होत्या.

आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आल्यावर तात्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि अर्धा तास एकाच घड्याळाकडे बघत बसले. घड्याळ चालू होतं.

हरण्याची भीती त्यांना नव्हतीच. गल्लीत त्यांनी ह्याहून मोठे तमाशे केले होते. साठाव्या वाढदिवसाला स्वतःच्याच दुकानासमोर 'मालक मेला, घड्याळं घेऊन जा' अशी पाटी लावून ते समोरच्या सलूनमध्ये गंमत बघत बसले होते. सात फेऱ्या म्हणजे किस झाड की पत्ती. भीती होती ती वेगळीच, आणि ती चव्वेचाळीस वर्षं जुनी होती.

बारा वाजता थोरली सून डबा घेऊन आली. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, मोजकं बोलणारी. घरात स्वयंपाकघराची वाटणी झाली तेव्हा सासूसासऱ्यांचीही आपोआप झाली होती. तात्यांचा डबा थोरलीकडून, माईंचा चहा धाकटीकडून. मधल्या भिंतीतलं दार बंद होऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून दोघी जावांमध्ये बोलणं म्हणजे 'पाणी आलंय' आणि 'पाणी गेलंय'.

"तात्या, जेवा ना. डबा बघत काय बसलात?"

"बस जरा. एक गोष्ट सांगायचीय. हसशील तर डबा परत घेऊन जा."

"बरं, नाही हसणार."

"तो वड नाही."

थोरली हसली नाही, कारण तिला आधी कळलंच नाही.

"लग्नानंतरची पहिली वटपौर्णिमा," तात्या म्हणाले. "खरा वड रेल्वेच्या मालधक्क्याच्या पलीकडे. जायचं-यायचं मिळून दीड तास. हिचा निर्जळी उपास, पायात नवी चप्पल, टाचेला फोड आलेला. आणि मला दहाला दुकान उघडायचं, कारण बँकेच्या मॅनेजरचं भिंतीवरचं घड्याळ द्यायचं होतं. म्हणजे फोड हे एक कारण, आणि घड्याळ हे जरा मोठं कारण. खोटं कशाला बोलू!"

"आत्ता खोटं बोलत नाहीये एवढंच म्हणा."

"ऐक तर. ह्या इस्त्रीच्या टपरीशी हे झाड दिसलं. मी म्हटलं, हा बघ वड. ती म्हणाली, पानं अशी काय? मी म्हटलं, शहरी वड आहे. झालं! तिनं मनोभावे पूजा केली, पंधरा मिनिटांत घरी. मला वाटलं, पुढच्या वर्षी खऱ्याला नेऊ. पुढच्या वर्षी तिचं बघून शेजारच्या तिघीही आल्या. आज तेवीस बायका येतात!"

आता मात्र थोरली हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली.

"हस. पण मला सांग, चव्वेचाळीस उपास. दोन्ही पोरांच्या वेळी पोटुशी असताना केले, एकदा अंगात ताप असताना केला. उद्या तो चष्मेवाला म्हणेल रबर, आणि ती माझ्याकडे बघेल. 'माझे उपास गेले कुठे' म्हणून विचारलं तर काय सांगू? सोफ्याशेजारी?"

थोरलीचं हसू आपोआप आवरलं.

"तू जा त्याच्याकडे," तात्या म्हणाले. "माझं नाव सांग. म्हणावं, उद्या वड म्हण. त्याला हव्या तेवढ्या फेऱ्या मी परवा मारतो, त्याच्या नर्सरीत, कुठल्याही कुंडीला. पण माईला कळता कामा नये. आणि धाकटीलाही नको, ती सगळं माईला सांगते."

इकडे घरात, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, धाकटीच्या ओट्याशी माई उद्याचं सूत सोडवत बसल्या होत्या. धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची. ऑर्डर जास्त असली की घरीच काम आणायची. टेबलावर तीन कवळ्या ओळीनं ठेवलेल्या आणि तिन्ही माईंकडे बघून हसत होत्या.

"त्यांना पालथं घाल आधी," माई म्हणाल्या. "मला गंभीर बोलायचंय."

धाकटीनं कवळ्यांवर रुमाल टाकला. "बोला. पैजेचं ना? अख्ख्या गल्लीत झालंय. तात्यांचा विजय असो!"

"कसला विजय! ते रबराचंच झाड आहे."

धाकटी बघतच राहिली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवंय? माझ्या माहेरी अंगणात वड होता. त्याची लाल फळं पायाखाली चिरडायची, घरात येताना पाय धुवावे लागायचे. ह्या झाडाला चव्वेचाळीस वर्षांत एक फळ तरी आलं का? मला पहिल्याच दिवशी कळलं. 'शहरी वड' म्हणे! असली लोणकढी थाप, आणि चेहरा असा की जसं काही झाड ह्यांनीच लावलंय."

"मग बोलला का नाहीत?"

माईंच्या हातातलं सूत थांबलं. असं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. धाकटीला वाटलं आता विषय बदलणार, पण माई बोलल्या.

"तेव्हा तीन खोल्यांत अकरा माणसं होतो. सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते दिराला सांगायचे आणि दीर मला सांगायचा. पण वटपौर्णिमेला मला कोणी दुसरी बाई खऱ्या वडाकडे घेऊन जाईल म्हणून हे स्वतः सोबत यायचे. भीतीनं गं! आईला सांगायचे, 'मी नेतो, वाटेत रहदारी असते.' छत्री माझ्या डोक्यावर आणि स्वतः उन्हात. जाताना दहा मिनिटं, येताना वीस. येताना तर मुद्दाम लांबच्या रस्त्यानं. त्या अर्ध्या तासात वर्षभराचं बोलून घ्यायचे. कुठल्या घड्याळात काय बिघडलंय, कोणतं गिऱ्हाईक कसं येडं आहे. मी नुसती हं-हं करायची. एकदा तर चालताना माझा हात धरला, आणि समोरून सासऱ्यांचे मित्र आले म्हणून एकदम नाडी बघितल्यासारखं केलं."

धाकटी खो खो हसली. माईही हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा सूत ओढायला लागल्या.

"नंतर माणसं कमी झाली, घर मोठं झालं, पण ह्यांचं येणं चालूच. अजून येतात. खोटं उघडं पडलं की संपलं! पुढच्या वर्षी सगळ्या बायका टेम्पो करून मालधक्क्याला जातील, आणि हे दुकानात बसतील. तू त्या नर्सरीवाल्याकडे जा. म्हणावं, वड म्हण. तात्यांना कळू देऊ नको हं. आणि थोरलीला तर मुळीच नको, ती तात्यांची माणूस."

संध्याकाळी पाच वाजता नर्सरीवाला गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घालत होता. समोर थोरली उभी होती.

"नाही म्हणजे नाही वहिनी. मी दोन वर्षं शिकलोय ह्यातलं. दारावर पाटी आहे माझी. तेवीस बायकांसमोर रबराला वड म्हटलं तर उद्या माझ्याकडून तुळस तरी कोण घेईल? म्हणतील, ह्याला ओव्याचं रोप आणि..."

"अहो पण म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे."

"प्रश्न त्यांचा आणि फेऱ्या माझ्या? बायकोला कळलं तर..."

तेवढ्यात फाटक वाजलं. धाकटी आत आली, थोरलीला बघून जागीच थांबली. दोघींमध्ये झेंडूच्या रोपांची एक रांग.

"तुम्ही?" धाकटी म्हणाली.

"रोप घ्यायला आले होते," थोरली म्हणाली.

"मीपण."

"कसलं?"

"तुमचं झालं की सांगते."

नर्सरीवाल्यानं पाण्याचा पाइप खाली टाकला. "तुम्हीपण वड म्हणायला सांगणार का?"

पाइपमधलं पाणी थोरलीच्या चपलेकडे निघालं. धाकटी पटकन पुढे झाली, पाइप उचलून बाजूला केला. चौदा महिन्यांत तिनं थोरलीसाठी केलेलं ते पहिलं काम.

"तुला कोणी पाठवलं?" थोरलीनं विचारलं.

"सांगायचं नाहीये."

"मलाही सांगायचं नाहीये."

"माईंनी," धाकटी म्हणाली.

"तात्यांनी," थोरली म्हणाली.

मग दोघींनी जे सांगायचं नव्हतं ते सगळं सांगितलं, आधी तुटक, मग एकमेकींचं वाक्य तोडत. बँकेच्या मॅनेजरचं घड्याळ, नवी चप्पल, लाल फळं, नाडी बघणं. धाकटी नाडीवर आली तेव्हा थोरली एका पालथ्या कुंडीवर मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"अहो पण," नर्सरीवाला म्हणाला, "दोघांनाही माहीत आहे, तर एकमेकांना सांगून का टाकत नाहीत? मिटलं की!"

"सोपं आहे का ते?" थोरलीनं नाक पुसलं. "आम्ही दोघी एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे चौदा महिने राहतोय. हिच्या कुकरची शिट्टी किती वेळा वाजली ते मला ऐकू येतं. पण दार ठोठावून 'चल, झालं गेलं' म्हणायला जमलं का मला? ह्यांचं तर चव्वेचाळीस वर्षांचं आहे."

धाकटी झेंडूचं एक पान खुडत उभी राहिली. "मला वाटायचं तुम्हाला बोलायचंच नाहीये."

"मला वाटायचं तुला."

नर्सरीवाल्याला हा प्रसंग झेपेना. त्यानं उगाच दोन कुंड्या इकडच्या तिकडे केल्या. "हे बघा, मी खोटं बोलणार नाही. एवढं लिहून घ्या. बाकी उद्याचं उद्या. आता जा तुम्ही, माझी बायको यायची वेळ झाली. दोघींना रडताना बघितलं तर माझं काय खरं नाही!"

परत जाताना दोघी रस्ताभर भांडत गेल्या. तात्यांचं खोटं मोठं की माईंचं, ह्यावरून. फाटकाशी आल्या तरी निकाल लागला नव्हता, म्हणून थोरली धाकटीच्या दारातून आत गेली, भांडण पुरं करायला.

सकाळी नऊला टपरीसमोर जत्रा होती. नव्या साड्या, ताटं, फळं, सुताची रिळं, आणि उपाशी पोटीही कमी न होणारी बडबड. इस्त्रीवाल्यानं बाकडं टपरीच्या छपराखाली घेऊन त्यावर पुढची जागा धरली होती. दोन्ही मुलगे मागे उभे होते. थोरल्याच्या अंगातल्या शर्टाची एक बाही दुमडलेली, कारण इस्त्रीवाल्यानं 'हीच फॅशन आहे' म्हणून सांगितलं होतं.

तात्या आले, माईंच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः उन्हात. येताना रस्ताभर बोलले नव्हते. माईंनी दोनदा 'हं' म्हटलं, पण समोरून काही आलंच नव्हतं.

"काय हो, गप्पसे?" माई हळूच म्हणाल्या.

"काही नाही. ऊन आहे."

"अहो, हरलात तर हरलात. त्यात काय?"

"तसं नाही गं," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की माईंनी छत्रीखालून मान वर करून बघितलं. ह्या माणसाला त्यांनी घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, सात फेऱ्यांना घाबरले. तात्यांना वाटलं, हिला संशय आला. दोघांनी एकाच वेळी नर्सरीवाल्याकडे बघितलं.

नर्सरीवाला पुढे झाला. इस्त्री केलेला शर्ट, स्वच्छ नखं. त्यानं खालच्या फांदीचं एक पान तोडलं. फांदीच्या टोकाला नव्या पानाची लाल टोकदार टोपी होती. रबराच्या झाडाची ती टोपी बघितली की ज्याला झाडांतलं कळतं त्याला दुसरं काही बघावं लागत नाही. त्यानं ती बोटानं हळूच दाबली. मग खोडाकडे बघितलं. चव्वेचाळीस वर्षांच्या सुतानं खोडाला कमरेच्या उंचीवर गुळगुळीत पट्टा पडला होता.

"बोल की!" इस्त्रीवाला म्हणाला.

नर्सरीवाल्यानं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी छत्री दोन्ही हातांनी धरली होती. माईंकडे बघितलं. माईंनी तात्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं. मागे थोरली आणि धाकटी एकमेकींना चिकटून उभ्या.

"तात्या," तो म्हणाला, "पैज मी हरलो."

"म्हणजे वड?" इस्त्रीवाला ओरडला.

"हरलो म्हटलं ना! किती वेळा सांगू? सूत आणा इकडे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी इतका मोठा श्वास सोडला की छत्री एका बाजूला कलली आणि त्या दिवशी पहिल्यांदा माईंच्या डोक्यावर ऊन आलं. मग लगेच छाती पुढे. "बघितलंस? मी तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय, वड आहे म्हणून!"

"तुम्ही सांगितल्यावर मी कधी शंका घेतली का?" माई म्हणाल्या.

धाकटीनं थोरलीच्या दंडाला जोरात चिमटा काढला. थोरली "आई गं" म्हणाली आणि ताटातली फळं सावरायला लागली.

"पण लोक काहीबाही बोलायला लागलेत हो," माई पुढे म्हणाल्या. "आज हा, उद्या दुसरा कोणी. मला बाई कोणीही फसवेल. पुढच्या वर्षीही तुम्हालाच यावं लागणार."

"येईन की," तात्या म्हणाले. "मी कुठे चाललोय?" आणि रस्त्याकडे तोंड फिरवून त्यांनी नाक शिंकरलं. ऊन फार आहे म्हणाले.

तिकडे नर्सरीवाल्याच्या हातात सुताचं रीळ आलं होतं. त्याची बायको, शाळेत खेळ शिकवणारी, गळ्यात शिट्टी अडकवून कडेला उभी होती. तिला कालपासून कोणी काही सांगितलं नव्हतं. नवरा झाडांत कधी चुकत नाही हे मात्र तिला पक्कं माहीत होतं, म्हणून ती त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती.

"मोठ्यानं!" तिनं फर्मावलं.

पहिली फेरी. "जन्मोजन्मी हीच बायको मिळो."

"ऐकू नाही आलं!" बायका ओरडल्या.

"हीच बायको मिळो!"

दुसऱ्या फेरीला सूत त्याच्या चष्म्यात अडकलं. तिसरीला इस्त्रीवाला बाकड्यावरून ताल धरायला लागला. चौथीला तात्या स्वतः शेजारून चालत "खणखणीत म्हण, देवाला ऐकायला कमी येतं" म्हणून शिकवायला लागले. पाचवीला बस थांबली, ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, आणि नर्सरीवाल्यानं त्याच्याकडे बघत, लाल कानांनी, आकाशाला भिडेल अशा आवाजात सहाव्या फेरीचंही त्यातच म्हणून टाकलं.

बायकोनं शिट्टी वाजवली. "लबाडी नाही! सहावी परत!"

सहावी परत झाली. धापा टाकत तो सातवीला निघाला, तेवढ्यात तिनं हात आडवा धरला.

"थांबा. सहा पुरे."

"अगं, सात ठरल्यात!"

"सहा जन्म तुमचे पक्के," ती म्हणाली. "सातव्याचं मी जरा घरी जाऊन विचार करून सांगते. आधी मला एवढं सांगा, आयुष्यात एक झाड चुकला नाहीत, मग आज सगळ्यांसमोर हरलात कसे?"

नर्सरीवाल्यानं दोन्ही जावांकडे बघितलं. मग सुताचं रीळ बायकोच्या हातात दिलं, तिचा दुसरा हात धरला आणि म्हणाला, "चल, चालता चालता सांगतो. लांबच्या रस्त्यानं."